माशांची वाढ रोखणारे प्रथिन : मायोस्टॅटिन आणि शेततळ्यातील मत्स्यपालन

घोटी म्हटले की भाताची खाचरे, भाताच्या गिरण्या आणि धो-धो पाऊस डोळ्यासमोर येतो. घाटमाथ्याला तीन हजार मि.मी.च्या घरात पाऊस पडतो. दारणा, मुकणे, भावली ही धरणे याच इगतपुरी तालुक्यात आहेत. त्यांपैकी दारणा धरण १९१६ साली पूर्ण झाले. तरीही उताराच्या मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत 'धरण उशाला, कोरड घशाला' अशी गत होते. राज्यात २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाली, तेव्हापासून शेततळ्यांकडे शेतकऱ्यांचा ओढा वाढला. पिकाला पाणी देता देता त्याच पाण्यात मासे वाढविता येतील का, असा प्रश्न आता अनेक शेतकरी बंधू विचारतात.

मासे वाढविता येतात. अडचण आहे ती वेळेची. आपल्या भागातील बहुतेक शेततळी जुलैमध्ये भरतात आणि मार्चनंतर तळ गाठू लागतात. म्हणजे हातात जेमतेम आठ महिने. त्यातही डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत माशांची भूक मंदावते. खऱ्या वाढीचे सहाच महिने उरतात. एवढ्या वेळात मासा विक्रीयोग्य झाला नाही, तर तळे आटताना पाव-पाव किलोचा माल मिळेल त्या भावाने काढावा लागतो आणि खाद्याचा खर्चही निघत नाही.

मग मासा लवकर वाढविण्याचे उपाय शोधले जातात. कोणी 'स्नायू वाढविणारी' पावडर सुचवितो, कोणी 'जनुक बदललेले' मत्स्यबीज देऊ करतो. अशा वेळी खरे काय आणि खोटे काय हे आपल्याला ठरविता आले पाहिजे. त्यासाठी माशाचे मांस वाढते कसे आणि ती वाढ आवरते कोण, हे समजून घेऊ.

माशाचे मांस म्हणजे काय?

आपण खातो ते माशाचे मांस म्हणजे त्याचे स्नायू. कातडी काढल्यावर पाठीकडून पोटाकडे नागमोडी पट्टे दिसतात, ते स्नायूंचेच थर होत. प्रत्येक थरात केसासारखे बारीक असंख्य तंतू असतात. माशाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग या स्नायूंचा असतो. तेव्हा माशाची वाढ म्हणजे मुख्यतः स्नायूंची वाढ.

ही वाढ दोन प्रकारे होते. असलेले तंतू जाड होतात, हा पहिला प्रकार. नवे तंतू तयार होतात, हा दुसरा. गाय, म्हैस, शेळी यांच्या स्नायूंतील तंतूंची संख्या जन्माच्या सुमारासच जवळजवळ ठरून जाते. पुढे ते तंतू फक्त जाड होत जातात. रोहू, कटला, सायप्रिनस यांसारख्या मोठ्या वाढणाऱ्या माशांचे तसे नाही. बोटुकलीच्या अवस्थेनंतरही बराच काळ त्यांच्या स्नायूंत नवे तंतू तयार होत राहतात. स्नायूंच्या कडेला राखीव पेशी असतात. त्या विभागतात, एकमेकींना जुळतात आणि त्यांपासून नवा तंतू बनतो. हा गुण आपल्या फार उपयोगाचा आहे. तो कसा, ते पुढे पाहू.

कासरा ओढणारे प्रथिन

वाढ ही नुसती मोकाट सोडून चालत नाही. औताच्या बैलाला पुढे हाकावे लागते, तसा वेळेवर कासराही ओढावा लागतो. शरीरातही तशीच व्यवस्था आहे. 'इन्सुलिनसारखा वाढ घटक' नावाचे संप्रेरक स्नायूंना पुढे हाकते. चांगले खाद्य, योग्य तापमान आणि भरपूर प्राणवायू मिळाला की त्याचे प्रमाण वाढते. उपासमार झाली की ते घटते. कासरा ओढण्याचे काम मुख्यतः 'मायोस्टॅटिन' हे प्रथिन करते.

मायोस्टॅटिन स्नायूंच्या पेशींतच तयार होते. सुमारे पावणेचारशे अमिनो आम्लांची साखळी प्रथम बनते. ती ठराविक ठिकाणी तुटते आणि तिचा शेवटचा लहान तुकडा कामाला लागतो. हा तुकडा पेशीच्या बाहेरील आवरणावर असलेल्या ग्राहकाला चिकटतो. कुलपात किल्ली बसावी तसा हा प्रकार असतो. किल्ली बसली की पेशीच्या आत निरोप जातो. मग राखीव पेशींचे विभाजन थांबते आणि तंतूत नवे प्रथिन बनण्याचा वेगही कमी होतो. शरीरात 'फॉलिस्टॅटिन' नावाचे दुसरे एक प्रथिन असते. ते मायोस्टॅटिनला धरून ठेवते आणि ही किल्ली कुलपात बसू देत नाही. या सर्वांच्या तोलावर स्नायू किती भरणार हे ठरते.

शोध कसा लागला?

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अलेक्झांड्रा मॅकफेरॉन, अॅन लॉलर आणि से-जिन ली या शास्त्रज्ञांनी १९९७ साली या प्रथिनाचे काम जगापुढे मांडले. उंदरातील मायोस्टॅटिनचे जनुक त्यांनी निकामी केले, तेव्हा त्या उंदरांचे स्नायू साध्या उंदरांच्या दुप्पट-तिप्पट भरले. त्याच वर्षी आणखी एक उलगडा झाला. बेल्जियममध्ये 'बेल्जियन ब्ल्यू' नावाची गोजात आहे. तिच्या मांड्या आणि पुठ्ठे फुगलेले दिसतात. पशुपालकांनी या गायी कित्येक पिढ्या निवडून वाढविल्या होत्या. त्यांच्यात मायोस्टॅटिनचे जनुक निसर्गतःच बिघडलेले आहे, असे आढळले.

परंतु या जातीत वासरू अंगाने इतके भरलेले असते की बहुतेक गायींची प्रसूती पोट कापूनच करावी लागते. कासरा तोडला तर त्याची किंमत मोजावी लागते, हे यावरून ध्यानात येईल.

माशांतील वेगळेपण

मासे पाण्यात तरंगतात, त्यामुळे अंगाचा भार पायांवर पेलण्याचा प्रश्न त्यांना नाही. ते अंडी घालतात, त्यामुळे प्रसूतीचीही अडचण नाही. म्हणून माशांत मायोस्टॅटिन कमी करून पाहावे, असे अनेक देशांतील शास्त्रज्ञांना वाटले. मात्र माशांत हे काम तितके सरळ नाही. प्राचीन काळी माशांच्या पूर्वजांत सर्व जनुकांची एकदा दुप्पट झाली. त्यामुळे बहुतेक माशांत मायोस्टॅटिनची दोन जनुके असतात, तर सामन-ट्राउट कुळात चारपर्यंत आढळतात. शिवाय माशांत हे प्रथिन स्नायूंखेरीज मेंदूसारख्या इतर अवयवांतही तयार होते. तेव्हा त्याचे काम केवळ मांस आवरण्यापुरतेच नसावे.

चीनमध्ये २०१६ साली सायप्रिनस माशात आणि अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठात २०१७ साली मांगूर गटातील चॅनेल कॅटफिश या माशात जनुक संपादन तंत्राने हे जनुक निकामी करण्यात आले. कॅटफिशच्या पिल्लांचे वजन सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. जपानमध्ये क्योतो व किंदाई या विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनी 'मादाई' नावाच्या समुद्री माशावर काम केले. त्याची खाण्यायोग्य भागाची वाढ सरासरी १.२ पट आणि खाद्याची बचत सुमारे १४ टक्के अशी नोंद झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये शासनाकडे रीतसर नोंद होऊन हा मासा तेथे विक्रीस मोकळा झाला. तो बंदिस्त टाक्यांतच वाढविला जातो.

येथेही दुसरी बाजू आहेच. जपानी माशाची लांबी कमी झाली. तो आखूड व जाड दिसतो. मेडाका या लहान माशात हे जनुक निकामी केल्यावर आकार वाढला, पण रोगप्रतिकारशक्ती मंदावल्याचे २०१६ च्या अभ्यासात दिसून आले. आपल्या शेततळ्यात पावसाचे गढूळ पाणी येते, बगळे येतात, रोगजंतू येतात. तेथे नुसते मांसल शरीर असून भागत नाही. मासा काटकही असावा लागतो.

भाताच्या बुटक्या वाणाचा धडा

भात उत्पादकांना हे एका उदाहरणाने चटकन समजेल. पूर्वीचे उंच भात खत जास्त झाले की लोळत असे. १९६६ साली प्रसारित झालेल्या आयआर-८ या वाणाने भाताची शेती बदलली. या बुटक्या वाणात उंची वाढविणाऱ्या जिबरेलिन संप्रेरकाच्या निर्मितीतील एक जनुक निकामी झालेले असते. एका जनुकातील बिघाड, पण त्यामुळे भात ताठ उभा राहिला. मात्र हा वाण नुसता लावून उत्पन्न वाढले नाही. ज्याने वेळेवर खत दिले, पाणी राखले आणि तण काढले, त्याच्याच पदरात धान्य पडले. जनुक संधी देते. त्या संधीचे पीक करणे व्यवस्थापनाच्या हाती असते. माशालाही हाच नियम लागू आहे.

आपल्या देशात काय उपलब्ध आहे?

जनुक संपादित भाताचे दोन वाण मे २०२५ मध्ये आपल्या देशात जाहीर झाले आहेत. परंतु जनुक संपादित मत्स्यबीजाच्या विक्रीस आपल्याकडे मान्यता मिळालेली नाही. त्यामुळे कोणी 'मायोस्टॅटिन काढलेले बीज' म्हणून जास्त दर मागत असेल, तर ते घेऊ नये.

चांगले बीज मिळण्याचा दुसरा, खात्रीचा मार्ग म्हणजे निवड पद्धती. भुवनेश्वरजवळील कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने (सिफा) नॉर्वेच्या शास्त्रज्ञांच्या सहकार्याने १९९२ पासून रोहूवर हे काम केले. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा अशा नद्यांतून रोहू गोळा केले. त्यांतून जलद वाढणारे मासे निवडून पिढ्यान्पिढ्या त्यांची पैदास केली. दर पिढीला वाढीत सरासरी सुमारे १७ टक्के सुधारणा झाली. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १९९७ साली, या रोहूचे 'जयंती' असे नामकरण झाले. यात कोणतेही एक जनुक तोडलेले नाही. वाढीवर थोडा थोडा परिणाम करणारी अनेक जनुके निवडीतून एकत्र येत गेली. म्हणूनच मासा वाढतोही आणि टिकतोही. 'गिफ्ट तिलापिया' या नावातही 'जनुकीय सुधारित' असा अर्थ असला, तरी ती जातही निवड पद्धतीनेच तयार झाली आहे. तिलापिया पाळण्यासाठी मात्र मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते, हे विसरू नये.

पावडरने कासरा सुटतो का?

फॉलिस्टॅटिनसारखे रोधक प्रथिन पावडरमधून दिले, तरी माशाच्या आतड्यात त्याचे पचन होऊन अमिनो आम्ले होतात. पेंडीतील प्रथिनाचेही तेच होते. महागड्या पुडीऐवजी तेवढ्याच पैशांची चांगली पेंड घेतली, तर स्नायूला लागणारा कच्चा माल खरोखर मिळतो. विक्रेत्याला तीन प्रश्न जरूर विचारावेत : यात प्रथिनाचे प्रमाण किती? हे कोणत्या माशावर, किती दिवस तपासले? न वापरलेल्या तळ्याशी तुलना केली होती काय? उत्तर मिळाले नाही, तर पैसे खिशातच ठेवावेत.

आठ महिन्यांच्या पाण्यासाठी खुंटविलेली बोटुकली

आता माशांच्या त्या विशेष गुणाकडे वळू. उन्हाळ्यात हाडे निघालेली जनावरे पावसाळ्यात हिरवा चारा मिळताच कशी भरतात, हे आपण दरवर्षी पाहतो. माशात हा गुण अधिकच असतो. दाटीत आणि कमी खाद्यावर ठेवलेल्या बोटुकलीची वाढ खुंटते. पण तीच प्रशस्त पाण्यात सोडून पोटभर खाऊ घातली की हाकणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण चढते, राखीव पेशी कामाला लागतात आणि मासा मागे पडलेली वाढ भरून काढतो. यालाच 'भरपाईची वाढ' म्हणतात. या काळात मायोस्टॅटिन किती घटते किंवा वाढते, याबाबत निरनिराळ्या जातींत निरनिराळे निष्कर्ष आले आहेत. भरपाईची वाढ होते, हे मात्र अनुभवसिद्ध आहे. आंध्र प्रदेशातील कोल्लेरू भागातील मत्स्यशेती अशा खुंटविलेल्या बोटुकलीवरच उभी राहिली.

घोटी परिसरासाठी ही पद्धत सोयीची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मिळणारी दोन-चार सें.मी.ची पिल्ले सोडली, तर वाढीचे पहिले महिने बाळपणातच जातात. शंभर ग्रॅमच्या आसपासची, वर्षभर खुंटविलेली बोटुकली सोडली, तर पहिल्या महिन्यापासून मांस भरू लागते.

अशी बोटुकली तयार करण्यासाठी गावात बारमाही पाणी असलेले एक लहान तळे पुरे होते. विहिरीचे किंवा उपसा योजनेचे पाणी असलेल्या शेतकऱ्याने एक गुंठ्याच्या तळ्यात तीनशे-चारशे बोटुकली ठेवावी आणि वजनाच्या एक ते दोन टक्के एवढेच खाद्य द्यावे. तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून हे केले, तर खर्च विभागला जातो. मात्र खुंटविणे म्हणजे उपाशी मारणे नव्हे. डोके मोठे आणि अंग काडीसारखे झालेली, जखमा असलेली बोटुकली वापरू नये. सायप्रिनस दाटीत ठेवल्यास लहानपणीच अंड्यावर येतो. म्हणून या पद्धतीसाठी रोहू, कटला आणि मृगळ निवडावेत.

३० × ३० मीटर शेततळ्यासाठी नियोजन

१. तयारी : ९०० चौ.मी. म्हणजे सुमारे नऊ गुंठे क्षेत्र होते. जोरदार पावसाने आपल्या भागातील पाणी आम्लतेकडे झुकते. म्हणून हेक्टरी २०० ते २५० किलो या प्रमाणात सुमारे २० किलो चुना द्यावा. पाण्याचा सामू ७.५ ते ८.५ असावा.

२. जाळी : सांडव्याला आणि पाणी येण्याच्या वाटेला जाळी बसवावी. नाहीतर आपले मासे वाहून जातात आणि चढणीच्या माशांबरोबर मरळीसारखे भक्षक आत येतात.

३. संख्या : खुंटविलेली बोटुकली हेक्टरी २,५०० ते ३,००० या प्रमाणात, म्हणजे २२५ ते २७० सोडावी. साधी ७५ ते १०० मि.मी.ची बोटुकली असल्यास ४५० पुरे. कटला, रोहू व मृगळ साधारण समप्रमाणात घ्यावेत. 'जास्त सोडले तर जास्त मिळतील' हा समज सोडून द्यावा. दाटी झाली की आपणच पुन्हा वाढ खुंटवितो.

४. खाद्य : शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मे-निम्मे मिसळल्यास मिश्रणात सुमारे २६ ते २८ टक्के प्रथिने मिळतात. कोंडा घोटीच्या गिरण्यांतून ताजा मिळतो. तो लवकर खवट होतो, म्हणून महिनाभराचा साठा करू नये. पावसाळ्यात पेंडीला बुरशी लागते. बुरशीचे विष माशाच्या यकृताला घातक असते. अशी पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. सुरुवातीला वजनाच्या ३ टक्के खाद्य द्यावे. शंभर ग्रॅमचे २५० मासे म्हणजे २५ किलो वजन. त्यांना रोज पाऊण किलो खाद्य लागेल. पुढे २२५ मासे सरासरी ४०० ग्रॅमचे झाले, की ९० किलो वजनाला २ टक्क्यांप्रमाणे १ किलो ८०० ग्रॅम द्यावे. छिद्रे पाडलेल्या गोणीतून दिल्यास नासाडी कमी होते.

५. प्राणवायू : श्रावणात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही. अशा वेळी पाण्यातील शेवाळ प्राणवायू कमी तयार करते. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढू लागले, तर त्या दिवशी खाद्य बंद ठेवावे आणि पंपाने पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे तळ्यात सोडावे. पाण्यात लिटरला ५ मि.ग्रॅ. प्राणवायू असावा.

६. थंडी : डिसेंबर-जानेवारीत खाद्य सकाळी उशिरा, पाणी तापल्यावर आणि बेताने द्यावे. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते.

७. नोंद व विक्री : महिन्यातून एकदा फेकजाळ्याने १०-१५ मासे धरून सरासरी वजन वहीत लिहावे. फेब्रुवारीपासून मोठे मासे काढून विकावेत. पाणी घटत असताना उरलेल्यांना जागा मिळते आणि सर्व माल एकदम बाजारात न्यावा लागत नाही.

मायोस्टॅटिनचा कासरा निसर्गाने माशाच्या अंगातच बांधलेला आहे. तो आज आपल्या हातात नाही आणि पुडीतूनही मिळत नाही. हाकण्याची बाजू मात्र बरीचशी आपल्या हातात आहे : खात्रीचे बीज, मोकळी जागा, ताजे खाद्य आणि पहाटेच्या पाण्यातील प्राणवायू. सहा महिने या चार गोष्टी सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला तळे आटण्यापूर्वी विकण्यासारखा मासा हाती लागेल. यंदा तळ्यात बोटुकली सोडताना पुढील वर्षासाठी शे-दोनशे बोटुकली बारमाही पाण्यात मागे ठेवावी, म्हणजे पुढच्या जुलैत बीजासाठी धावाधाव करावी लागणार नाही.